“घरी बरोबर दिसत होतं”: वर्ड, लिब्रेऑफिस, गूगल डॉक्स आणि एक्सेलच्या फाइल्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आमचं टायपिंग, डीटीपी आणि प्रिंटआउटचं दुकान आहे. सकाळी कॉलेजची पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात, दुपारी पतसंस्था आणि ग्रामपंचायतींची मंडळी, संध्याकाळी मार्केट यार्डातले हळदीचे नाहीतर बेदाण्याचे व्यापारी. हातात पेन ड्राइव्ह आणि तोंडात एकच वाक्य: “घरी बरोबर दिसत होतं.” तेच ते सांगून घसा बसला, म्हणून उत्तरं इथं लिहून ठेवतोय. प्रश्न काउंटरवर जसे विचारतात तसेच ठेवलेत. क्रम लावायच्या भानगडीत पडलो नाही.

घरी आठ पानांचा असलेला प्रोजेक्ट तुमच्याकडे नऊ पानांचा कसा होतो?

कारण फाइलमध्ये पानं नसतातच. वर्डची फाइल असो नाहीतर लिब्रेऑफिसची (वर्ड-एक्सेलसारखंच काम करणारं मोफत सॉफ्टवेअर), तिच्यात मजकूर, फॉन्टचं नाव, अक्षरांचा आकार, समास, परिच्छेदांमधलं अंतर एवढंच लिहिलेलं असतं. ओळ कुठं तुटणार आणि पान कुठं संपणार हे फाइल उघडताना, त्या त्या कॉम्प्युटरवर, त्या क्षणी ठरतं. तुम्ही वापरलेला फॉन्ट आमच्याकडे नसला की सॉफ्टवेअर दुसरा कुठला तरी लावतं. त्याची अक्षरं केसभर रुंद असली तरी एक शब्द खालच्या ओळीत उतरतो, एका ओळीनं परिच्छेद वाढतो, आणि शेवटी सर्टिफिकेटचं पान घसरून दोन पानांवर येतं.

लिब्रेऑफिसवाल्यांनी यावर एक चांगली सोय केली आहे. कॅलिब्री नसेल तर कार्लिटो, कँब्रिया नसेल तर कॅलेडिया, टाइम्स न्यू रोमनच्या जागी लिबरेशन सेरिफ, एरियलच्या जागी लिबरेशन सॅन्स. अक्षरांचं वळण थोडं वेगळं, पण रुंदी मुद्दाम तंतोतंत तेवढीच ठेवलेली, त्यामुळं ओळी हलत नाहीत. ही सोय इंग्रजीपुरती आहे हे लक्षात ठेवा. आणि अलीकडच्या वर्डमध्ये आपोआप येणारा फॉन्ट कॅलिब्री नाही, ॲप्टॉस आहे. जुन्या मशीनवर तो सापडत नाही.

दुसरं कारण मात्र तुमच्या बोटांत आहे. नवीन पान सुरू करायला वीस वेळा एंटर दाबणारे लोक रोज येतात. अध्यक्ष डावीकडं आणि सचिव उजवीकडं यावेत म्हणून मध्ये चाळीस वेळा स्पेसबार. हे तुमच्या मशीनवर नेमकं बसतं, कारण तुम्ही तिथं बघून बघून बसवलेलं असतं. कंट्रोल-एंटर दाबून पान तोडा, सह्यांसाठी बिनरेघांचा तक्ता घाला. मग फाइल इथून दिल्लीला गेली तरी सचिव अध्यक्षांच्या मांडीवर जाऊन बसणार नाहीत.

म्हणजे दोष फॉरमॅटचा नाही?

आमच्या काउंटरवरचं म्हणाल तर बहुतेक वेळा नाही. आधी फॉन्ट, मग एंटर-स्पेसबार, आणि तिसऱ्या नंबरावर खरोखरचा फॉरमॅटमधला फरक. लोक मात्र थेट तिसऱ्यावर खापर फोडतात. साधं पत्र, ठराव, इतिवृत्त, बायोडेटा हे सगळं वर्ड आणि लिब्रेऑफिस एकमेकांचं नीट वाचतात. अडतं ते स्मार्टआर्ट, वर्डआर्ट, मजकुरावर तरंगणारे फोटो, एकात एक घातलेले टेक्स्ट बॉक्स आणि मॅक्रो (फाइलमध्ये घातलेले छोटे प्रोग्रॅम) यांच्यापाशी. लग्नपत्रिका वर्डमध्ये करू नका असं मी म्हणतो ते यासाठीच.

डॉक, डॉकएक्स आणि ओडीटी यांत फरक काय?

डॉक हा मायक्रोसॉफ्टचा जुना फॉरमॅट. आज जो डॉक म्हणून भेटतो तो वर्ड ९७ ते २००३ या काळातला. आतला मालमसाला बायनरी, म्हणजे माणसानं उघडून वाचण्यासारखा नाही, आणि त्याचा तपशील मायक्रोसॉफ्टनं सगळ्यांसाठी खुला केला तो २००८ मध्ये. तोपर्यंत बाकीच्यांनी तो अंदाजानं, चाचपडत उलगडला होता.

डॉकएक्स ऑफिस २००७ बरोबर आला. ओडीटी त्याच्या थोडा आधीचा. ओपनऑफिसच्या कुळातला, आज लिब्रेऑफिसचा घरचा फॉरमॅट. हे दोन्ही आतून एकसारख्याच कल्पनेचे आहेत: एक झिप फाइल, आणि तिच्यात एक्सएमएल नावाच्या साध्या मजकूर-फाइल्स. विश्वास बसत नसेल तर एखाद्या डॉकएक्सची कॉपी करा, नावाच्या शेवटचं डॉकएक्स काढून तिथं झिप लिहा आणि उघडा. आत वर्ड नावाचा फोल्डर, त्यात डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल, आणि मीडिया नावाच्या फोल्डरमध्ये तुम्ही घातलेले सगळे फोटो. ओडीटीत हाच मजकूर कंटेंट डॉट एक्सएमएलमध्ये असतो.

ही नुसती गंमत नाही. फाइल खराब झाली, वर्ड उघडत नाही म्हणालं, तर निदान फोटो तरी या वाटेनं परत मिळतात. एका पोरीचा द्राक्षांवरच्या भुरी रोगाचा प्रोजेक्ट असाच वाचवला. मजकूर तिनं पुन्हा टाइप केला, पण बागेत जाऊन काढलेले फोटो गेले असते तर हंगाम संपला होता.

एकाच कामासाठी दोन स्टँडर्ड कशाला? एकच ठेवलं असतं तर?

हे विचारणारे कमी असतात, पण प्रश्न रास्त आहे.

ओडीएफ, म्हणजे ओडीटी ज्या कुटुंबातला आहे तो फॉरमॅट, ओॲसिस या संस्थेनं २००५ मध्ये मंजूर केला आणि २००६ मध्ये तो आयएसओ २६३०० म्हणून आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा ओपन एक्सएमएल एक्मा या संस्थेकडून मंजूर झाला आणि तिथून आयएसओच्या दारात गेला. ओडीएफचा दस्तऐवज सातशे पानांच्या आसपास, ओपन एक्सएमएलचा सहा हजारांच्या वर. एक मानक असताना दुसरं कशाला, यावरून जगभर भांडणं झाली. भारतीय मानक ब्युरोनं २००७ मध्ये विरोधात मत दिलं आणि २००८ च्या फेरविचारातही ते बदललं नाही. तरीही एप्रिल २००८ मध्ये मतदान पार पडून तो आयएसओ २९५०० झाला. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी केलेली अपिलं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेटाळली गेली.

मायक्रोसॉफ्टची बाजूही सांगतो, नाहीतर माझ्यावर पक्षपाताचा आरोप व्हायचा. कोट्यवधी जुन्या डॉक फाइल्स होत्या. त्यांतली प्रत्येक वेडीवाकडी खोड नव्या फॉरमॅटमध्ये जशीच्या तशी उतरली पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. सहा हजार पानं फुगली त्यात त्या जुन्या खोडींचा मोठा वाटा आहे. म्हणूनच या मानकाचे दोन अवतार आहेत: स्ट्रिक्ट आणि ट्रान्झिशनल. स्ट्रिक्ट हा स्वच्छ, ट्रान्झिशनल हा जुनं ओझं सांभाळणारा. वर्डमध्ये तुम्ही साधं सेव्ह दाबता तेव्हा आजही ट्रान्झिशनलच तयार होतो. म्हणायला संक्रमणकाळ, पण संपायचं नाव नाही.

टायटल बारवर ‘कंपॅटिबिलिटी मोड’ आलंय. व्हायरस आहे का?

नाही हो. जुनी डॉक फाइल उघडलीये, म्हणून वर्डनं नव्या सोयी बंद ठेवल्यात, एवढंच.

मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल करप्ट झाली का?

फाइल धडधाकट आहे. फॉन्ट नाही.

हा प्रश्न इतका येतो की यावर जरा थांबतो. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख हे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे फॉन्ट. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचे वेगळे कोड देणारी आजची पद्धत.) त्यांत तुम्ही ‘सांगली’ टाइप केलंत तर फाइलमध्ये ‘सांगली’ जात नाही. इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड जातात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. नाटकातला शिवाजी दाढी उतरवल्यावर जसा आपला शेजारचा बापू निघतो तसं. फॉन्ट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. डॉक असो, डॉकएक्स असो की ओडीटी, तिन्हींत हीच गत, कारण अडचण फॉरमॅटच्या खालच्या मजल्यावर आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं, त्यानंतर काही दिवसांनी एका संस्थेची मंडळी जुनी सीडी घेऊन आली. कॉम्प्युटर पाण्याखाली गेलेला, रजिस्टरांचा लगदा झालेला, आणि वाचलं ते काय तर एका संचालकांच्या घरी माळ्यावर पडलेली ही सीडी. पंधराएक वर्षांपूर्वीच्या डॉक फाइल्स लिब्रेऑफिसमध्ये एका फटक्यात उघडल्या. सगळे खूश. पण वाचायला जावं तर एक अक्षर मराठी नाही. कुठला फॉन्ट होता हे फाइलमध्ये लिहिलेलं असतं, त्यामुळं नाव कळलं, तो फॉन्ट मिळवला, मग कन्व्हर्टरनं सगळं युनिकोडमध्ये आणलं. कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारांत चुकतो, त्यामुळं दोन माणसं आठवडाभर मुद्रितशोधन करत बसली. चाळीस वर्षांच्या सभासदांची नावं होती ती, अंदाजानं सोडून चालणार नव्हतं.

तुमच्याकडे अशा फाइल्स पडून असतील तर फॉन्ट हाताशी आहे तोवरच बदलून घ्या.

मी मंगलमध्ये, युनिकोडमध्येच टाइप केलं. तरी लिब्रेऑफिसमध्ये फॉन्ट आणि ठळकपणा बदलतो.

दोन्ही फॉरमॅट इंग्रजीसाठी एक आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा असे फॉन्ट वेगवेगळे साठवतात. नुसता फॉन्टच नाही, आकार आणि बोल्डसुद्धा वेगळं. कुणी एकाच बाजूचं बोल्ड लावलेलं असलं की मथळ्यातलं ‘२०२४-२५ ॲन्युअल रिपोर्ट’ इंग्रजीत असेल तर जाड आणि त्याच्याखालचं ‘वार्षिक अहवाल’ हडकुळं, असं दिसतं. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथं जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा. मग कॅरेक्टरच्या खिडकीत देवनागरीचा फॉन्ट वेगळा निवडता येतो.

तिथंच भाषा मराठी निवडा, हिंदी ठेवू नका. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, आणि मजकुरावर मराठीचा शिक्का असेल तरच लिब्रेऑफिस ते काढून देतं. शाळेत गिरवलेला ल कुठं गेला म्हणून हळहळणाऱ्यांनी हे जरूर करून बघावं.

मंगल हा विंडोजचा फॉन्ट. लिनक्सवर तो नसतो, मग नोटो किंवा लोहित लागतो आणि ओळी हलतात. फाइल फिरणारच असेल तर दोन्हीकडे टाकता येणारा एकच मोफत फॉन्ट ठरवून घ्या. फॉन्ट फाइलमध्येच कोंबायची सोयही आहे. वर्डमध्ये ऑप्शन्समधल्या सेव्हच्या पानावर, लिब्रेऑफिसमध्ये प्रॉपर्टीजमधल्या फॉन्टच्या पानावर. फॉन्टच्या परवान्यात मुभा असेल तरच ते चालतं.

एक्सेलमध्ये खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे शून्य झाले!

झाले ते गेले. अंडू करून येत नाहीत, मूळ यादी शोधा.

एक्सेल कुठल्याही संख्येचे पंधराच अंक सांभाळतं. सोळा अंकी खाते क्रमांक टाकला की शेवटच्या अंकाचा शून्य होतो, तोही बिनबोभाट. सुरुवातीचे शून्य तर आधीच उडालेले असतात. आधारचे बारा अंक शाबूत राहतात पण दिसताना १.२३ई+११ असं काहीतरी दिसतं, आणि लोक घाबरतात. उपाय एकच: आकडे टाकायच्या आधी तो सगळा कॉलम ‘टेक्स्ट’ करा. ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नव्हे, नाव समजा.

सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) डबल क्लिक करून उघडली की हाच घोटाळा होतो, वर मराठी नावांचाही चुराडा होतो. एक्सेलच्या डेटा टॅबमधून फाइल आत घ्या, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा आणि कॉलमचा प्रकार सांगा. लिब्रेऑफिसचं कॅल्क हे सगळं उघडतानाच विचारतं. या एका बाबतीत मला कॅल्कच जास्त शहाणं वाटतं.

एक्सएलएस आणि एक्सएलएसएक्स यांत नुसता एका अक्षराचा फरक आहे ना?

नऊ लाख ऐंशी हजार ओळींचा आहे! जुन्या एक्सएलएसमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. इंग्लंडमध्ये २०२० साली कोरोना चाचण्यांचे निकाल जुन्या एक्सएलएसमध्ये भरले जात होते. मर्यादा भरली, पुढचं आत आलंच नाही, आणि १५,८४१ रुग्ण आठवडाभराच्या आकडेवारीतून गळाले. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवायलाही उशीर झाला. तुमची सभासद यादी एवढी मोठी नसेल, पण साखर कारखान्याच्या ऊसनोंदी किंवा दूध संकलनाच्या रोजच्या दोन वेळच्या नोंदी वर्षभराच्या घेतल्या तर पासष्ट हजार फार लांब नाही.

माझ्याकडे १,२५,००,००० दिसतं, ऑडिटरकडे १२,५००,०००. रक्कम बदलली का?

रक्कम तीच. स्वल्पविराम कुठं द्यायचा हे एक्सेल विंडोजच्या रीजन सेटिंगवरून ठरवतं. ते ‘इंग्लिश इंडिया’ करून घ्या. तारखांचंही मूळ तिथंच आहे. ०५-०८ म्हणजे पाच ऑगस्ट की आठ मे, हे अमेरिकन सेटिंगवर उलटं होतं.

तारीख आतून एक साधा आकडा असते. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून मोजत १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे १७३९४. गंमत अशी की एक्सेल १९०० हे लीप वर्ष मानतं, जे ते नव्हतं. लोटस १-२-३ या त्याच्या आधीच्या सॉफ्टवेअरमधली चूक जुन्या फाइल्स जुळाव्यात म्हणून मुद्दाम तशीच ठेवलेली आहे. त्यामुळं १ मार्च १९०० च्या आधीच्या तारखांत एक्सेल आणि कॅल्कचं एका दिवसानं जुळत नाही. १९०० च्या मागं तर एक्सेल जातच नाही, तिथल्या तारखा तो नुसता मजकूर समजतो. संस्थानकाळातले कागद नोंदवणाऱ्या अभ्यासकांनी कॅल्क वापरावं, ते मागं जातं.

एक्सलुकअप लावलेला तक्ता लिब्रेऑफिसमध्ये चुका दाखवतो.

तुमचं लिब्रेऑफिस जुनं आहे. २४.८ या आवृत्तीपासून एक्सलुकअप (तक्त्यातून माहिती शोधून आणणारं सूत्र), फिल्टर, सॉर्ट, युनिक हे सगळं आलं. जुन्या एक्सेलमध्येही ते चालत नाही, त्यामुळं फाइल बाहेर जाणार असेल तर व्हीलुकअपवर भागवा. मॅक्रोंचं मात्र सांगता येत नाही. साधे चालतात, मोठे अडखळतात. गूगल शीट्समध्ये एक्सेलचे मॅक्रो चालतच नाहीत, तिथली भाषाच निराळी.

गूगल डॉक्सची फाइल पेन ड्राइव्हवर आणलीय, उघडेना.

कॉम्प्युटरवर जी जीडॉक नावाची फाइल दिसते ती फाइल नाही, पत्ता आहे. मजकूर गूगलकडे. पेन ड्राइव्हवर तुम्ही घराचा पत्ता आणलात, घर नाही आणलंत. फाइल मेनूतल्या डाउनलोडमधून डॉकएक्स, ओडीटी किंवा पीडीएफ उतरवून घ्या.

आणखी एक. ड्राइव्हवर चढवलेली डॉकएक्स तशीच ठेवूनही तिथं दुरुस्त करता येते, नावाशेजारी डॉकएक्स असं लिहून येतं. ‘सेव्ह ॲज गूगल डॉक्स’ केलंत की दुसरी प्रत जन्माला येते, आणि मग अध्यक्ष एकीत आणि मॅनेजर दुसरीत दुरुस्त्या करत बसतात.

व्हॉट्सॲपवर पाठवल्यामुळं फाइल बिघडते का?

नाही. फोटो दाबला जातो, डॉक्युमेंट आहे तसं जातं. बिघडलेलं दिसतं ते मोबाइलमधल्या ॲपमुळं.

मग सगळं पीडीएफच का करू नये?

बघण्यासाठी आणि छापण्यासाठी कराच. पीडीएफमध्ये पानं ठरलेली असतात, फॉन्ट आत असतात. पण सभेच्या आदल्या रात्री “एक नाव राहिलं” असा फोन आला की पीडीएफ हातात असून उपयोग नाही. लिब्रेऑफिसमध्ये ‘हायब्रिड पीडीएफ’ म्हणून एक पर्याय आहे. त्यात पीडीएफच्या पोटात मूळ ओडीटीही राहते. बाकीच्यांना ती साधी पीडीएफ, लिब्रेऑफिसमध्ये उघडली तर दुरुस्त करता येणारी. ही सोय फारच थोड्यांना माहीत आहे.

आमच्या संस्थेत काहींकडे वर्ड, काहींकडे लिब्रेऑफिस. नेमकं काय ठरवावं?

दोन्हीकडे हात बसलेला असतो हे मान्य. एमएस-सीआयटी करून आलेल्या क्लार्कला रातोरात लिब्रेऑफिसवर बसवलं तर तो आठवडाभर तुमच्याशी बोलणार नाही. म्हणून सॉफ्टवेअरचा आग्रह सोडा, फाइलचा धरा. ज्या कागदावर दोन्हीकडचे लोक काम करतात तो एकाच फॉरमॅटमध्ये राहू दे. आज डॉकएक्स, उद्या ओडीटी, परवा पुन्हा डॉकएक्स अशी दर फेरीला उलटापालट केली की प्रत्येक वेळी थोडं थोडं गळतं. वर्ड ओडीटी उघडतं आणि सेव्हही करतं, २००७ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून. पण बहुसंख्य वर्डवाले असतील तर डॉकएक्स ठेवा आणि लिब्रेऑफिसवाल्यांनाही डॉकएक्समध्येच सेव्ह करायला सांगा. बहुसंख्य लिब्रेऑफिसवाले असतील तर उलट. डॉकमध्ये मात्र नवीन काही करू नका.

जपून ठेवायच्या ठरावांची आणि अहवालांची पीडीएफ-ए काढा, हा जतनासाठीचाच प्रकार आहे. शेजारी मूळ फाइलही ठेवा.

माझ्याकडे पेजमेकरच्या जुन्या फाइल्स आहेत. आता काय?

पेजमेकर हे पानांची मांडणी करायचं जुनं सॉफ्टवेअर. पेजमेकर ७ हा शेवटचा, २००१ सालचा. लिब्रेऑफिस ड्रॉ पेजमेकरच्या सहा-सातच्या फाइल्स बऱ्यापैकी उघडतं, मांडणी थोडी विस्कटते. आत श्रीलिपी असेल तर वर फॉन्टचं उत्तर पुन्हा वाचा आणि येताना तो फॉन्टही घेऊन या. आमच्या मागच्या खोलीत एक जुना विंडोज एक्सपीचा डबा अजून याच कामासाठी चालू ठेवलाय. सुरू व्हायला दहा मिनिटं घेतो, तेवढ्यात चहा होतो.